टेम्प्लेट, डिझाइन डेटा, सीटीबी: व्हॉल्टमध्ये ठेवायचे की सर्व्हरच्या शेअर फोल्डरवर?

वखर_डवरा:
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यात आमचं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. पेरणी यंत्र, रोटाव्हेटरचे कव्हर, ट्रॉलीची चेसी, हंगामात वखर-डवरे पण. डिझाइनले चार पीसी आहेत, सगळ्यांवर इन्व्हेंटर (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) अन् दोनवर ऑटोकॅड. व्हॉल्ट बेसिक, म्हणजे डिझाइनच्या फायली अन् त्यांची जुनी व्हर्जन सर्व्हरवर सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवलं आहे, सबस्क्रिप्शनसोबत येतेच ते. पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग सगळं त्यात जाऊन राहिलं अन् त्याची काही तक्रार नाही, कोणी काय बदललं ते दिसते, जुनं सापडते.

अडचण दुसरीकडे आहे. ज्या फायलींवरून ड्रॉइंग बनते त्या फायली व्हॉल्टच्या बाहेर आहेत. म्हणजे पार्टचे टेम्प्लेट, आयडीडब्ल्यूचं म्हणजे ड्रॉइंग फाइलचं टेम्प्लेट टायटल ब्लॉकसकट (कोपऱ्यातली नाव-नंबरची चौकट), शीट मेटल रूल (पत्र्याची जाडी अन् बेंडचे नियम), मटेरियल लायब्ररी, थ्रेडची एक्सेल, प्लॉटचे सीटीबी (प्रिंटमधल्या रेघांची जाडी-रंग ठरवणारी फाइल), हे सगळं प्रत्येक पीसीवर आपापलं. पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या पेटीचा पत्रा आम्ही नागपूरले लेझरवर कापून आणतो. ३ मिमी पत्रा, आतली त्रिज्या ३ मिमी, चार बेंड. एका पीसीवर के फॅक्टर (बेंडमध्ये किती पत्रा जातो ते काढायचा आकडा) इन्व्हेंटरचा मूळचा ०.४४, दुसऱ्यावर आमच्या प्रेसवर मोजून बसवलेला ०.३३. ९० अंशाच्या एका बेंडले ०.४४ नं ६.७९ मिमी धरते अन् ०.३३ नं ६.२७, म्हणजे बेंडमागं अर्धा मिमी अन् चार बेंडले दोन मिमीच्या वर फरक. पेटी वाकवली की कोपरा जुळत नाही अन् वेल्डरले वाटते प्रेसवाल्यानं चुकवलं, प्रेसवाल्याले वाटते लेझरवाल्यानं. मॉडेल दोन्ही पीसीवर उघडलं तर डोळ्याले एकसारखंच दिसते, सांगा आता कोण पकडीन हे.

तर प्रश्न सरळ आहे. हे सगळं व्हॉल्टमध्ये टाकायचं की सर्व्हरवर शेअर फोल्डर करून तिथं ठेवायचं? आणि व्हॉल्टमध्ये टाकलं तर इन्व्हेंटर ते तिथून वाचते का? ज्यांनी खरंच करून पाह्यलं आहे त्यांनी सांगा.

जिनिंग_जुना:
भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो काहून की तिथंच सगळे अडकतात. इन्व्हेंटर व्हॉल्टमधून टेम्प्लेट वाचत नाही. ते वाचते तुमच्या डिस्कवरच्या फोल्डरमधून. व्हॉल्ट फक्त त्या फोल्डरची अस्सल प्रत सर्व्हरवर सांभाळते, व्हर्जन ठेवते. तुम्ही गेट केलं, म्हणजे व्हॉल्टमधून प्रत उतरवली, तं डिस्कवरची प्रत ताजी होते, नाही केलं तं जुनी तशीच राहते अन् इन्व्हेंटर एका शब्दानं सांगत नाही की बाप्पा ही जुनी आहे. पार्ट उघडताना व्हॉल्टचं अॅड-इन सांगते की नवीन व्हर्जन आहे, टेम्प्लेटवरून नवीन फाइल काढताना तसं कोणी विचारत नाही. म्हणून व्हॉल्टमध्ये टाकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. टाकणं हा अर्धा भाग आहे, रोज ताजं पोचवणं हा दुसरा अर्धा, अन् लोक पहिला करून थांबतात.

तरी मी सांगीन की व्हॉल्टमध्येच टाका. आमच्याकडं खामगावच्या बाजूले जिनिंगच्या मशिनरीचं काम आहे, डबल रोलरचे सुटे भाग, कन्व्हेअर, डक्टिंग. डक्टिंग म्हणजे सगळा पत्राच, त्यामुळं तुमचं दुखणं चांगलं समजते.

आता कसं करायचं ते. सगळ्यात आधी वर्किंग फोल्डर, म्हणजे व्हॉल्टमधल्या फायली पीसीवर जिथं उतरतात तो, सगळ्या पीसीवर एकच पाह्यजे. एकाचा सी ड्राइव्हवर अन् दुसऱ्याचा डी वर असं चालत नाही. व्हॉल्टच्या अॅडमिनमध्ये, व्हॉल्ट सेटिंगमध्ये, वर्किंग फोल्डर सगळ्यांना सारखा लागू करायची खूण आहे, ती लावून टाका. तिथंच खाली इन्व्हेंटरची प्रोजेक्ट फाइल सगळ्यांना एकच लागू करायची खूण आहे, ती पण लावा. मंग कोणी आपली वेगळी आयपीजे (म्हणजे तीच प्रोजेक्ट फाइल) घेऊन बसू शकत नाही.

मंग त्या आयपीजेमध्ये फोल्डर ऑप्शन असतात. तिथं टेम्प्लेटचा रस्ता, डिझाइन डेटाचा (स्टाइल, रूल, थ्रेडच्या फायलींचा) रस्ता, कंटेंट सेंटरच्या (नट-बोल्टसारख्या तयार पार्टच्या) फायलींचा रस्ता द्यायचा असतो. हे रिकामं सोडलं तं इन्व्हेंटर आपल्या मूळच्या जागी पाहते, पब्लिक डॉक्युमेंटमध्ये, अन् ते प्रत्येक पीसीवर वेगळं असते. तुमच्याकडं बहुतेक हेच झालं असन. रस्ता आयपीजेमध्ये दिला की तोच चालतो, अॅप्लिकेशन ऑप्शनमध्ये कोणी काही ठेवलं असलं तरी. अन् रस्ता सापेक्ष द्या, म्हणजे आयपीजे जिथं आहे तिथून पुढचा.

फोल्डर असा ठेवा: व्हॉल्टच्या $ खाली 'सामायिक' नावाचा एक, त्यात टेम्प्लेट, डिझाइन डेटा, आयलॉजिकचे (इन्व्हेंटरमध्ये आपोआप काम करणारे) नियम, ऑटोकॅडचं सामान. डिझाइनच्या फोल्डरात मिसळू नका. पार्टचं टेम्प्लेट कशालेच जोडलेलं नसते म्हणून व्हॉल्ट क्लायंटमधून ओढून टाकलं तरी चालते, पण असेंब्लीच्या टेम्प्लेटमध्ये तुम्ही आधीच काही पार्ट बसवून ठेवले असन, तं ते इन्व्हेंटरमधूनच चेक-इन करा, म्हणजे व्हॉल्टमध्ये जमा करा, नाहीतं नातं तुटते.

धानपट्टा:
मी वेगळ्या बाजूचा माणूस, गोंदियाकडं राइस मिलची मशिनरी, आमच्याकडं सॉलिडवर्क्स अन् त्याचं पीडीएम स्टँडर्ड, म्हणजे तिकडचं व्हॉल्टच. पण अडचण अगदी हीच होती जी. तिकडं पण पीडीएम फाइल लोकल कॅशमध्ये आणते अन् सॉलिडवर्क्स त्या कॅशमधूनच वाचते. पीआरटीडॉट, एएसएमडॉट, डीआरडब्ल्यूडॉट (पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंगचे टेम्प्लेट), शीट फॉरमॅट, वेल्डमेंटचे प्रोफाइल, मटेरियलचा डेटाबेस, सगळ्यांचे रस्ते सिस्टीम ऑप्शनमध्ये फाइल लोकेशनला द्यावे लागतात.

फरक एक आहे अन् तो कामाचा आहे. पीडीएमच्या अॅडमिनमध्ये युजर किंवा ग्रुपला कॅशची सेटिंग असते, लॉगिन झालं की अमुक फोल्डर आपोआप ताजा करायचा. टेम्प्लेटच्या फोल्डरला ते लावलं की सकाळी पोरगा पीसीवर बसला, लॉगिन झाला, की ताजी प्रत आली. कोणाला काही आठवावं लागत नाही. आणि रस्ते प्रत्येक पीसीवर हातानं भरू नका, एका पीसीवर नीट करून कॉपी सेटिंग विझार्डनं फाइल काढायची, बाकीच्यांवर ती चालवायची.

पण माझं मत सांगू का, चार पीसी एकाच खोलीत असले तर शेअर फोल्डर पण वाईट नाही. एकच प्रत, जुनी-नवी भानगडच नाही. आमच्या शेजारच्या युनिटमध्ये तसंच चालून राहिलं अन् नीट चालते. व्हॉल्टचा एवढा खटाटोप मोठ्या कंपनीसाठी आहे असं कधीकधी वाटते.

रेघोटी:
धानपट्टा दादा, तुमचं म्हणणं पटतं पण पूर्ण नाही. मी वरुडला संत्रा ग्रेडिंग आणि वॅक्सिंगच्या लाइनचं ड्राफ्टिंग करते. आमच्याकडे आधी शेअर फोल्डरच होता. त्यात दोन गोष्टी वाईट झाल्या. एक म्हणजे सर्व्हरची लाइट गेली किंवा स्विच बंद पडला की नवीन पार्ट काढताच येत नाही, चालू फाइलमध्ये स्टाइल दिसत नाहीत, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाइटचं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. लोकल प्रत असली तर यूपीएसवर पोरं काम करत राहतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. शेअर फोल्डरवर कोणी टेम्प्लेट उघडून त्यातच काम सुरू केलं आणि सेव्ह दाबलं की गेलं. कोणी केलं, कधी केलं, आधी काय होतं, काहीच राहत नाही. आमच्या टायटल ब्लॉकमधून प्रोजेक्शनची खूण अशीच गायब झाली होती आणि कुठल्या ड्रॉइंगपासून गायब आहे हे शोधायला सगळे प्रिंट काढून बसावं लागलं. व्हॉल्टमध्ये असतं तर हिस्टरीत दिसलं असतं, आधीचं व्हर्जन घेऊन परत चेक-इन केलं असतं, विषय संपला असता. पार्ट चुकला तर एक पार्ट चुकतो, टेम्प्लेट चुकलं तर त्यानंतर निघालेलं सगळं चुकतं. म्हणून माझ्या मते पार्टपेक्षा टेम्प्लेटला व्हर्जनची गरज जास्त आहे, आणि आपण नेमकं त्यालाच बाहेर ठेवतो.

ऑटोकॅडचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. तिथे डीडब्ल्यूटी (टेम्प्लेट), सीटीबी, पीसी३ (प्लॉटरची सेटिंग), एलआयएन (रेघांचे प्रकार), पीएटी (हॅच), एसएचएक्स फॉन्ट, लिस्प (छोटे प्रोग्राम), इतकं सामान असतं. ऑप्शनमध्ये फाइल टॅबवर सपोर्ट फाइलचा रस्ता, प्लॉट स्टाइलचा रस्ता, टेम्प्लेटचा रस्ता वेगवेगळे आहेत, तिन्ही व्हॉल्टच्या वर्किंग फोल्डरकडे वळवायचे. क्यून्यू (नवीन ड्रॉइंगच्या बटणा) साठी कुठलं टेम्प्लेट घ्यायचं ते पण तिथेच द्या, नाहीतर पोरं नवीन दाबतात आणि ऑटोकॅडचं मूळचं उघडतं. लिस्प असेल तर तो फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्ये टाका, २०१४ च्या ऑटोकॅडपासून ते लागतं, नाहीतर उघडताना दरवेळी विचारत राहतं आणि पोरं न वाचता हो म्हणायला शिकतात, ती सवय फार वाईट. हे सगळं एका पीसीवर जमलं की प्रोफाइल एआरजी फाइलमध्ये एक्सपोर्ट करून तीच बाकीच्यांवर इम्पोर्ट करा. ती एआरजी पण व्हॉल्टमध्ये ठेवा, नवीन पीसी आला की कामाला येते.

आणि फॉन्ट. आम्ही फॅब्रिकेटरसाठी सूचना मराठीत लिहितो, 'वेल्डिंगनंतर घासून घ्या', 'ही बाजू वर'. एसएचएक्स फॉन्टमध्ये मराठी नीट येत नाही, मंगल किंवा निर्मला वापरा आणि युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या पीसीवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. टीटीएफ फाइल व्हॉल्टमध्ये ठेवली म्हणजे फॉन्ट बसला असं होत नाही, तो प्रत्येक पीसीच्या विंडोजमध्ये बसवावाच लागतो.

वखर_डवरा:
ताई, जुना भाऊ, खूप खूप धन्यवाद, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. काल वर्किंग फोल्डर अन् आयपीजेचं केलं. खरंच आमच्या आयपीजेमध्ये टेम्प्लेट अन् डिझाइन डेटाचे दोन्ही रस्ते रिकामेच होते!

आता दोन शंका. व्हॉल्टमधून गेट केल्यावर टेम्प्लेट अन् डिझाइन डेटाच्या फायली रीड-ओन्ली येऊन राहिल्या. हे बरोबर आहे का? काहून की एका पोरानं नवीन शीट मेटल रूल करून लायब्ररीत सेव्ह करायचं पाह्यलं तं झालं नाही. अन् दुसरं, रोज सकाळी गेट करा हे पोरांले सांगितलं तरी विसरतात, पीडीएमसारखं आपोआप व्हॉल्ट बेसिकमध्ये कसं करायचं?

जिनिंग_जुना:
रीड-ओन्ली येणं एकदम बरोबर आहे, तेच पाह्यजे. चेक-आउट न करता, म्हणजे बदलायसाठी आपल्या नावावर न घेता, उतरवलेली फाइल रीड-ओन्लीच येते. टेम्प्लेटवरून नवीन फाइल काढाले त्याची काही अडचण नाही, फक्त टेम्प्लेटमध्येच काही कोंबता येत नाही. आयपीजेमध्ये 'यूज स्टाइल लायब्ररी' आहे तिथं सगळ्यांसाठी रीड-ओन्ली ठेवा. तुमच्या पोराले जमलं नाही हे चांगलं झालं, काहून की जमलं असतं तं परत तेच, एकाचा रूल एका पीसीवर.

नवीन रूल लायब्ररीत टाकायचा अधिकार एकाच माणसाले द्या. तो काय करीन, डिझाइन डेटाचा फोल्डर चेक-आउट करीन, स्वतःच्या वेगळ्या आयपीजेमध्ये लायब्ररी रीड-राइट ठेवीन, स्टाइल एडिटरमधून रूल लायब्ररीत सेव्ह करीन, एक पेटी वाकवून मोजून पाहीन, अन् मंगच चेक-इन करीन अन् कॉमेंटमध्ये लिहीन की कोणत्या प्रेसवर, कोणत्या डायवर मोजलं. ही कॉमेंट टाळू नका. तुमचा ०.३३ कुठून आला हे दोन वर्षांनी कोणाले आठवन? के फॅक्टर पत्र्यावर, त्रिज्येवर, डायवर सगळ्यावर अवलंबून असते, प्रेस बदलली की परत मोजावं लागते.

एक साधी युक्ती सांगतो. जो माणूस जबाबदार आहे त्यानं टेम्प्लेटच्या फायली स्वतःच्या नावावर चेक-आउटच ठेवायच्या. बाकीचे त्या घेऊ शकतात, शेवटचं चेक-इन झालेलं व्हर्जन त्यांना मिळते, पण बदलू कोणी शकत नाही. ज्याले फक्त पाहायचं आहे, जसं स्टोअरवाला, त्याले डॉक्युमेंट कन्झ्युमरचा रोल द्या, एडिटरचा नको.

आपोआप गेटचं असं केलं आमी. सर्व्हरवर एका फोल्डरात अॅडमिन गेट करतो, पण बदल झाला तवाच, रोज नाही. तो फोल्डर नेटवर्कवर फक्त वाचण्यासाठी शेअर केला. प्रत्येक पीसीवर टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनच्या वेळी रोबोकॉपी (फोल्डर कॉपी करायची कमांड) लावली, ती तिथून पीसीच्या सामायिक फोल्डरात उतरवते. रोबोकॉपी विंडोजमध्येच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. पण /एमआयआर हा पर्याय वापरताना रस्ता दहादा तपासा, काहून की तो मूळ जागी नसलेलं सगळं समोरच्या जागेतून पुसून टाकते. चुकून आख्खा वर्किंग फोल्डर दिला तं पोराचं चेक-इन न झालेलं काम जाईन. म्हणून फक्त 'सामायिक' वरच, अन् जबाबदार माणसाच्या स्वतःच्या पीसीवर तं लावूच नका, त्याचं चालू काम तिथंच असते.

धानपट्टा:
म्हणजे व्हॉल्टमध्ये अस्सल, शेअरवर वाटप, अन् वाचणं लोकल डिस्कवरून. हे पटलं जी. मी वर शेअर फोल्डर पुरे म्हटलं होतं ते आता तसं नाही म्हणणार, रेघोटी ताईंचा हिस्टरीचा मुद्दा बरोबर आहे. शेजारच्या युनिटला पण दाखवतो हा धागा.

मास्तर_आयटीआय:
मी यवतमाळ जिल्ह्यात आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल शिकवतो. तुमची चर्चा वाचून फार बरं वाटलं, कारण आमची पोरं तुमच्याकडेच येतात आणि त्यांना टेम्प्लेट म्हणजे काय हेच नीट कोणी सांगितलेलं नसतं.

एक मुद्दा घालतो. टेम्प्लेट व्हॉल्टमध्ये नेण्याआधी ते बरोबर आहे का ते पाहा. भारतात आपण फर्स्ट अँगल (वरून दिसणारं खाली, डावीकडून दिसणारं उजवीकडे काढायची पद्धत) वापरतो, बीआयएसच्या एसपी ४६ मध्ये तेच शिकवलं आहे. इन्व्हेंटर बसवताना कोणी एएनएसआय (अमेरिकन स्टँडर्ड) निवडलं असेल तर प्रोजेक्शन थर्ड अँगल येतं आणि पार्ट आरशातला निघू शकतो, डावा कंस उजवा होतो. आयएसओचं टेम्प्लेट घेऊन सुरुवात करा, स्टँडर्ड स्टाइलमध्ये व्ह्यू प्रेफरन्सेसला प्रोजेक्शन तपासा, टायटल ब्लॉकमध्ये खूण टाका, मिमी ठेवा. मटेरियल लायब्ररीत आपलं आयएस २०६२ चं ई२५० स्टील स्वतः घाला, घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे पोरं भलतंच स्टील निवडत नाहीत आणि वजन, भाव नीट येतात. चुकीचं टेम्प्लेट चार पीसीवर शिस्तीनं पोचवलं तर चूक पण चारपट शिस्तीनं होते.

आणि ज्यांच्याकडे लायसन्सचा पैसा नाही त्यांच्यासाठी. गावोगावी वेल्डिंगची दुकानं आहेत, ती व्हॉल्ट घेणार नाहीत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि आता त्यावर अवजारांचं काम बरंच होतं. त्याच्या टेकड्रॉचं (ड्रॉइंग काढायच्या भागाचं) टेम्प्लेट साधी एसव्हीजी फाइल असते, म्हणजे आत सगळा मजकूर. ती गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवली तर कुठल्या ओळीत काय बदललं ते अक्षरशः दिसतं. एफसीएसटीडी, म्हणजे फ्रीकॅडच्या मॉडेलची फाइल मात्र झिप असते, तिचा फरक तसा दिसत नाही आणि दोघांचे बदल एकत्रही होत नाहीत, म्हणून तिथे एकानं फाइल घेतली की दुसऱ्यानं थांबायचं, सबव्हर्जन नावाच्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये लॉक आहे त्यासाठी. तत्त्व तुमचंच, एक अस्सल प्रत, एक जबाबदार माणूस, आणि सगळ्यांचा रस्ता सारखा.

नवखा_२२:
सर मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका वर्कशॉपला इंटर्न. आमच्याकडे टेम्प्लेट गूगल ड्राइव्हवर आहेत आणि सिंक होतात आपोआप. मग व्हॉल्टचीच गरज काय? फुकट आहे आणि मोबाइलवर पण दिसतं.

रेघोटी:
बरं विचारलंस. ड्राइव्ह बॅकअपसाठी चांगलं, टेम्प्लेटसाठी धोक्याचं. तिथे चेक-आउट नाही, दोघांनी एकच फाइल उघडून सेव्ह केली तर दोन प्रती होतात किंवा शेवटच्याची राहते. आणि सिंक आपोआप होतं म्हणजे चूक पण आपोआप सगळीकडे जाते, मध्ये कोणी तपासणारा नाही. व्हॉल्टमध्ये चेक-इन हे एक ठरवून केलेलं पाऊल आहे, मी तपासलं आणि आता देते, असं. नेट गेलं तर ड्राइव्ह कुठली प्रत दाखवतोय तेही कळत नाही. वर्किंग फोल्डर तर ड्राइव्हच्या सिंक फोल्डरात चुकूनही ठेवू नको, दोन यंत्रणा एकाच फाइलवर भांडतात. मोबाइलवर पाहायला पीडीएफ काढून टाक की ड्राइव्हवर, ते छान चालतं.

वखर_डवरा:
रोबोकॉपी लावली, तीन पीसीवर चालून राहिली. आता एक शेवटचं. आमचा एक पीसी नवीन घ्यायचा आहे, त्यावर इन्व्हेंटरची पुढची आवृत्ती टाकू असं दुकानदार म्हणते. टेम्प्लेटचं काय होईल? अन् जुन्या ड्रॉइंगमध्ये नवा टायटल ब्लॉक आपोआप येईल का? मालकाले वाटते येईल.

जिनिंग_जुना:
पहिले पुढच्या आवृत्तीचं. एका पीसीवर वेगळी आवृत्ती टाकू नका भाऊ, हात जोडतो. इन्व्हेंटरच्या फायली मागं जात नाहीत. नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह झालं की जुन्यात उघडत नाही. तो पोरगा नुसतं टेम्प्लेट उघडून सेव्ह करून चेक-इन करीन अन् बाकी तीन पीसी बसतील. डीडब्ल्यूजीचं तसं नाही, २०१८ चा फॉरमॅट ऑटोकॅड २०१८ पासून पुढं चालत आला आहे, म्हणून ऑटोकॅडवाल्यांना ही धग लागत नाही अन् त्यांना वाटते इन्व्हेंटरचं पण तसंच असन. जायचं तं चारही पीसी एका दिवशी, हंगाम नसताना, उन्हाळा संपायच्या आधीच करून घ्या. अन् 'सामायिक'मध्ये आवृत्तीप्रमाणं वेगळे फोल्डर ठेवा, टेम्प्लेटचा वेगळा, डिझाइन डेटाचा वेगळा. जुना पुसू नका. नव्या आयपीजेमध्ये नवे रस्ते, बस.

जुन्या ड्रॉइंगचं मालकाले समजावून सांगा. नवं बियाणं आणलं म्हणून शेतात उभं पीक बदलत नाही. टेम्प्लेटवरून ड्रॉइंग निघालं की त्याचा टायटल ब्लॉक, बॉर्डर, चिन्हं त्याच्या पोटात गेली, टेम्प्लेटशी संबंध संपला. जुन्यांमध्ये बदलायचं असन तं इन्व्हेंटरसोबत ड्रॉइंग रिसोर्स ट्रान्सफर विझार्ड येते, तो एका आयडीडब्ल्यूमधून टायटल ब्लॉक घेऊन दुसऱ्या भरपूर आयडीडब्ल्यूमध्ये टाकते. पण ती ड्रॉइंग आधी व्हॉल्टमधून चेक-आउट करावी लागतात, रीड-ओन्लीवर चालत नाही. अन् सगळी जुनी ड्रॉइंग बदलायचा हट्ट करू नका. जे पार्ट अजून बनून राहिले तेवढ्यांची करा, बाकी जसे आहेत तसे राहू द्या, तो तुमचा इतिहास आहे.

स्टाइलचं थोडं वेगळं आहे. डायमेन्शनची स्टाइल, शीट मेटल रूल हे फाइलमध्ये पण असतात अन् लायब्ररीत पण. लायब्ररी बदलली तरी जुन्या पार्टमध्ये जुनाच रूल बसलेला असू शकते, मॅनेज टॅबवर स्टाइल अपडेट करा म्हणजे लायब्ररीतला येतो. तुमच्या पेटीचे जुने पार्ट पुढच्या हंगामासाठी उघडाल तवा हे आठवणीनं करा, अन् फ्लॅट पॅटर्नची (वाकवायच्या आधीच्या सपाट पत्र्याची) लांबी आधीची अन् नंतरची लिहून ठेवा, लेझरवाल्याले जुनी डीएक्सएफ (कापायची फाइल) गेली असन तं ती रद्द करा.

मास्तर_आयटीआय:
बॅकअपचं कोणी विचारलं नाही, मी विचारतो, कारण सगळं एका सर्व्हरवर जमा केलं की तो सर्व्हर गेला तर सगळंच गेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो आणि बऱ्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हर म्हणजे पत्र्याच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला पीसी असतो.

जिनिंग_जुना:
सर, अगदी बरोबर बोलले. व्हॉल्टचा डेटा दोन जागी असते, नावं-व्हर्जन-नाती एसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये अन् खऱ्या फायली फाइलस्टोअर नावाच्या फोल्डरात. नुसता फाइलस्टोअर पेन ड्राइव्हवर कॉपी करून काही उपयोग नाही, त्यातून व्हॉल्ट परत उभं राहत नाही, दोन्ही एकाच वेळचे पाह्यजे. म्हणून सर्व्हरच्या एडीएमएस कन्सोलमधूनच (व्हॉल्टचा सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून) बॅकअप घ्यायचा, तो कमांडनं पण चालते, रात्री टास्क शेड्युलरमध्ये लावता येते. एसक्यूएल एक्सप्रेस फुकट असते, त्याच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांले डेटाबेससाठी १० जीबीची मर्यादा आहे, पण फायली त्यात मोजल्या जात नाहीत म्हणून आपल्यासारख्यांना ते पुरते.

दोन हार्ड डिस्क ठेवा, आलटून पालटून, एक वर्कशॉपमध्ये अन् एक घरी. अन् कधीतरी एखाद्या रिकाम्या पीसीवर तो बॅकअप उघडून पाहा, न उघडलेल्या बॅकअपवर भरोसा नका ठेवू. सर्व्हरले चांगला यूपीएस द्या अन् पत्र्याच्या खोलीतून काढून पक्क्या भिंतीच्या खोलीत आणा, एसी नसला तरी चालन पण भट्टीशेजारी नको.

रेघोटी:
आणि बॅकअपची डिस्क कोणाकडे आहे ते पण कुठेतरी लिहून ठेवा, तो माणूस गावाला गेला की शोधाशोध होते.

वखर_डवरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मालकासोबत बसून ठरवलं ते लिहितो, चुकत असन तं सांगा. टेम्प्लेट अन् डिझाइन डेटाची जबाबदारी आमच्या एका ड्राफ्ट्समनची, तिचंच नाव लागन, तिच्या परवानगीशिवाय कोणी काही चेक-इन करणार नाही. मालक म्हणाले पगारात पण ते काम धरू, उरल्या वेळात करायचं काम नाही हे. नवीन पीसीवर सध्याचीच आवृत्ती, चारही पीसी दिवाळीनंतर एकत्र वर नेऊ. पेटीच्या पार्टमध्ये स्टाइल अपडेट करून फ्लॅट पॅटर्न परत काढले, लेझरवाल्याले जुन्या डीएक्सएफ पुसायले सांगितल्या. आता प्रेसवर १.६, २, ३ अन् ५ मिमी पत्र्याचे तुकडे वाकवून प्रत्येकाचा के फॅक्टर मोजून राहिलो, तेवढं झालं की रूल लायब्ररीत जाईन अन् कॉमेंटमध्ये प्रेस, डाय, तारीख सगळं लिहू.

मास्तर, तुमच्या पोरांना हे पाहायचं असन तं घेऊन या एखाद्या दिवशी.

मास्तर_आयटीआय:
नक्की आणतो. तुकडे वाकवायच्या दिवशीच आणतो, मोजमाप त्यांच्याच हातानं करून घ्या.